घरात अडकलेली मुले आणि आपण: जागा नाही, निदान वेळ तरी देऊया

२०२० च्या मे महिन्यात लॉकडाऊनला पन्नास दिवस होत आले होते. भीमजयंती आपण घरातच साजरी केली, ७ मेची बुद्धपौर्णिमाही घरातच झाली. पहिली ते आठवीच्या परीक्षा मार्चमध्येच रद्द झाल्या, त्यामुळे मुले जवळजवळ दोन महिने घरात होती. जूनमध्ये शाळा उघडेल की नाही, हे तेव्हा कोणीच सांगू शकत नव्हते. सुरुवातीला वस्तीतून आम्हाला येणारे फोन रेशनचे, औषधांचे आणि गावी जाण्याच्या पासचे असत. ते पुढेही येत राहिले. पण मग जवळजवळ प्रत्येक फोनच्या शेवटी आणखी एक प्रश्न येऊ लागला. "दादा, या पोरांचं काय करू? डोकं उठवलंय नुसतं."

विचारणारी बहुतेक वेळा आई असते. वर पत्रा, मे महिन्याचे ऊन, एका खोलीत पाच-सहा माणसे, त्यात कमावत्या माणसाचे काम गेलेले. अशा घरात मुलाने तिसऱ्यांदा पाण्याचा तांब्या सांडला की पाठीत धपाटा बसतो. पाच मिनिटांनी मुलाच्या हातात मोबाइल येतो, कारण तेवढ्या वेळात भाकरी तरी थापून होते. त्या आईला दोष देण्यात काहीच अर्थ नाही. पण ती जो प्रश्न विचारते आहे, त्याचे नीट उत्तर आपण कार्यकर्त्यांनी शोधायला हवे.

आपल्या ग्रुपवर तेव्हा फिरणारी उत्तरे सगळ्यांनी पाहिली आहेत. ऑनलाइन चित्रकला स्पर्धा, भाषणाचे व्हिडिओ, प्रश्नमंजुषा, 'मुलांना बिझी ठेवण्याचे पन्नास उपाय'. हेतू चांगलाच आहे. पण या प्रत्येक उपायाला एक स्मार्टफोन, नेटपॅक आणि शेजारी बसणारा मोठा माणूस लागतो. घरात फोन एकच, तोही वडिलांचा. स्पर्धेला आलेली काही चित्रे पाहिली की ती मुलाची कमी आणि मामाची जास्त आहेत हे लगेच कळते. मूल काहीतरी करते, मोठे त्याचा व्हिडिओ काढतात, ग्रुपवर अंगठे येतात आणि संपले. पुढच्या दहा मिनिटांत पुन्हा, "आई, आता काय करू?"

आमचे म्हणणे वेगळे आहे. मुलांना दिवसभर कोणीतरी रमवावे लागते हा समजच मुळात चुकीचा आहे. एक सुरक्षित कोपरा, चार टाकाऊ वस्तू, मध्ये कोणी न बोलणारा तास-दीड तास आणि घरातले एखादे खरेखुरे काम एवढे मिळाले, तर मुले स्वतःची स्वतः रमतात. हे फक्त मोठ्या घरातच जमते असेही नाही. ज्या घरात मोठ्यांना मुलाशेजारी बसायला सवडच नाही, त्या घराला याची गरज सगळ्यात जास्त आहे.

'माँटेसरी' आली कुठून?

आज माँटेसरी म्हटले की इंग्रजी माध्यमाची महागडी नर्सरी डोळ्यांसमोर येते. लाकडी चकचकीत खेळणी, भिंतीवर इंद्रधनुष्य, वर्षाची फी पाहिली की आपण रस्त्याच्या पलीकडून जातो. पण या पद्धतीचा जन्म ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो नावाच्या गरीब मजूरवस्तीत झाला. तिथल्या चाळीवजा इमारतींची एका कंपनीने डागडुजी केली होती. आईबाप दिवसभर कामाला जात. शाळेच्या वयाची न झालेली मुले जिन्यांत हुंदडत, भिंती खराब करत. मालकांना काळजी भिंतींची होती! मुलांना कुठेतरी गोळा करून ठेवावे म्हणून त्यांनी इमारतीतली एक खोली दिली आणि ते काम डॉक्टर असलेल्या मारिया माँटेसरींकडे सोपवले. पन्नासेक मुले, एक खोली आणि शिक्षिकेचे प्रशिक्षण नसलेली एक बाई, एवढीच सुरुवात होती.

तिथे माँटेसरींनी जे पाहिले ते आपल्या कामाचे आहे. मुलांसाठी काही महागडी खेळणीही आली होती. मुलांनी ती निवडलीच नाहीत. त्यांना हात धुणे, झाडणे, वस्तू जागेवर लावणे अशी खरी कामे आणि हाताळायला साध्या वस्तू जास्त आवडल्या. तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्यातल्या खाचांमध्ये दट्टे बसवत होती. बाईंनी बाकीच्या मुलांना गाणी म्हणायला लावली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तरी ती थांबली नाही. चाळीसहून अधिक वेळा तिने तेच काम केले आणि मग समाधानाने स्वतःहून थांबली. आपण मात्र "पोरं एका जागी दोन मिनिटं बसत नाहीत" असे म्हणत असतो. ती बसतात, पण त्यांनी स्वतः निवडलेल्या कामावर, आणि आपण मध्ये बोललो नाही तर.

दुसरा प्रसंग कपाटाचा. वस्तूंचे कपाट शिक्षिका कुलूप लावून ठेवत असे आणि मुलांना हवे ते स्वतः वाटत असे. एकदा ते कुलूप लावायचे राहून गेले. मुलांनी आपापल्या वस्तू स्वतः काढल्या आणि कामाला लागली. शिक्षिकेला वाटले, ही चोरी झाली. माँटेसरींना वाटले, यांना काय हवे ते यांना कळते. त्यानंतर मुलांचा हात पोचेल अशी बुटकी, उघडी कपाटे आली. आपल्या घरात खेळायच्या वस्तू कुठे असतात? पोटमाळ्यावर, किंवा 'खराब होईल' म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून. मुलाने मागायचे, आईने खुर्चीवर चढून काढायचे. मग मूल तिला दर पाच मिनिटांनी हाक मारणार नाही तर काय करणार?

या माँटेसरीबाई स्वतःही आपल्या देशात अडकून पडल्या होत्या. १९३९ मध्ये त्या मद्रासला शिकवायला आल्या. १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर शत्रुराष्ट्राच्या नागरिक म्हणून त्यांच्यावर निर्बंध आले आणि १९४६ पर्यंत त्या भारतातच राहिल्या. त्या काळातला बराच वेळ कोडाईकनालला गेला आणि तिथे त्यांनी मुलांबरोबर निसर्गाचा अभ्यास पुढे नेला.

आपल्याकडे ही पद्धत गरिबाच्या दारात आणली ती ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. ताराबाईंनी गिजुभाई बधेकांबरोबर काम केले होते. १९४५ मध्ये त्या ठाणे जिल्ह्यातल्या, आताच्या पालघरमधल्या बोर्डीला गेल्या, पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडला हलले. दलित-आदिवासी मुले बालवाडीत येत नव्हती, कारण त्यांना धाकटी भावंडे सांभाळायची असत, गुरे राखायची असत. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली आणि 'अंगणवाडी' हा शब्द तिथून रूढ झाला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. विकतचे साहित्य परवडणार नव्हतेच, म्हणून बिया, शिंपले, खडे, पाने, काड्या हेच साहित्य झाले. या दोघींच्या कामातून आपण एक गोष्ट घ्यायची. वस्तू महाग नसली तरी चालते, पण ती मुलाच्या हाताशी असावी आणि तिच्याबरोबर मोकळा वेळ असावा.

जागा नसेल तर वेळ वाटा

"हे सगळं ठीक, पण आमच्याकडे जागा कुठंय?" हा रास्त प्रश्न आहे. दहा बाय दहाच्या खोलीत मुलासाठी वेगळा कोपरा काढा असे सांगणे सोपे असते.

पण याचे एक उत्तर आपल्या प्रत्येकाला लहानपणापासून माहीत आहे. परळच्या डबक चाळीत बाबासाहेबांचे सगळे कुटुंब एका खोलीत राहत होते. भांडीकुंडी, चूल, धूर, माणसे, सगळे तिथेच. रामजीबाबा भीमरावांना संध्याकाळी लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग मुलाला अभ्यासाला उठवत आणि त्या जागेवर स्वतः आडवे होत. जागा वाढवणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी तीच जागा वेळेनुसार वाटली. भाषणांत आपण ही गोष्ट बाबासाहेबांच्या कष्टाचे उदाहरण म्हणून सांगतो. त्या खोलीत मुलाला त्याचे तास मिळावेत म्हणून एका बापाने स्वतःची झोप मोडली, हेही तिच्यात आहे.

तेच आज खेळासाठी करता येते. सकाळी पाणी भरून, चहा होऊन गेला की एक तास जमीन मुलांची. मोठी माणसे खाटेवर, उंबऱ्यात, गॅलरीत, कुठेही बसोत. त्या तासात मुलांच्या अंगावरून कोणी जाणार नाही, कोणी त्यांना "जरा पाणी दे" म्हणून उठवणार नाही, आणि थोरलीला "धाकट्याकडे बघ" असे सांगणार नाही. खोलीच्या कोणत्या भागात खेळायचे ती रेघ मुलांनाच खडूने ओढू द्या. संध्याकाळी ऊन उतरल्यावर असाच दुसरा तास. घड्याळ लावून अगदी साठ मिनिटेच झाली पाहिजेत असे नाही, पण रोज साधारण त्याच वेळी झाले तर मुले त्या वेळेची वाट पाहू लागतात, आणि एरवी "आता खेळू का?" हा धोशा कमी होतो.

आणखी एक छोटी गोष्ट. मुलाने डबे, काड्या, चिंध्या लावून काहीतरी उभे केलेले असते आणि जेवणाची वेळ होते. आपण केरसुणी घेतो आणि सगळे लोटून टाकतो. ते त्याचे अर्धे झालेले घर किंवा स्टेशन असते. एखादा पुठ्ठ्याचा खोका, जुनी परात किंवा सूप द्या आणि "यात ठेव, खाटेखाली सरकव, उद्या पुढचं कर" असे सांगा. दुसऱ्या दिवशी मूल तिथूनच सुरू करते. काम अर्धवट ठेवून पुन्हा हातात घेण्याची सवय पुढे अभ्यासातही उपयोगी पडते.

मुलाला मोकळे सोडायचे तर आधी खोली मुलाच्या उंचीवरून पाहावी लागते. जमिनीवर बसून नजर फिरवा. पाण्याच्या पिंपावर घट्ट झाकण आहे का? रांगणारे, नुकते चालणारे मूल बादलीभर पाण्यातही बुडू शकते. रॉकेल, फिनेल, ॲसिड थंड पेयाच्या बाटलीत भरून मोरीजवळ ठेवायची आपल्याकडे सवय आहे. तहानलेले मूल ती बाटली ओळखीची म्हणून तोंडाला लावते. या बाटल्या आजच्या आज वर ठेवा, आणि घरोघरी आलेले सॅनिटायझरही. स्टोव्ह जमिनीवर असेल तर स्वयंपाक आणि मोकळा खेळ एकाच वेळी नको. पोटमाळ्याची शिडी, गॅलरीचा कठडा, सुटलेली वायर, काडेपेटी, ब्लेड. हे एकदा नीट केले की दिवसभर "ए, हात लावू नको" ओरडावे लागत नाही. पन्नास वेळा ऐकलेला 'नको' मुलाला ऐकूच येईनासा होतो, आणि मग खरा धोका असतो तेव्हाही तो ऐकू येत नाही.

चिंचोके, बिल्ले आणि जुनी साडी

खेळायला काय द्यायचे? मज्झिम निकायातल्या महातण्हासंखय सुत्तात मूल कसे वाढते याचे वर्णन करताना भगवान बुद्ध मुलांच्या खेळांची नावे सांगतात. खेळण्यातला नांगर, विटीदांडू, कोलांट्या, भिरभिरे, पानांची मापे, छोटी गाडी, छोटे धनुष्य. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी वाचताना गंमत वाटते. यातले जवळजवळ सगळे खेळ आपल्या आजी-आजोबांनी खेळलेले आहेत, आणि त्यात दुकानातून आणावे असे काही नाही.

मे हा चिंच फोडायचा महिना आहे. चिंचोके फोडून त्यांच्या दोन फाकी करा, फासे तयार. फरशीवर खडूने पाच-पाच घरांचा पट आखला की चौका-बारा सुरू. सागरगोटे नसतील तर पाच गुळगुळीत खडे चालतात. बोळात लंगडी घालता येत नसेल तर विदर्भात ज्याला बिल्लस म्हणतात ती ठिकरी खोलीत चार घरांचीही होते. बाटल्यांची बुचे आणि झाकणे रंगाप्रमाणे लावणे, रचणे, मोजणे यात चार वर्षांचे मूल अर्धा तास सहज घालवते. जुनी साडी खाटेच्या दोन पायांना बांधली की तंबू होतो. त्या तंबूत मुले दवाखाना काढतील, रेशन दुकान काढतील, पोलीस होऊन एकमेकांना घरी पाठवतील. त्यांनी जे पाहिले आहे तेच ती खेळणार, आणि खेळू द्यावे. मनातली भीती बोलून दाखवणे लहान मुलाला जमत नाही, ते ती खेळून काढते. मुले 'कोरोना-कोरोना' खेळतात म्हणून दटावणारी माणसे आम्ही पाहिली. त्यापेक्षा खाटेवर बसून तो खेळ ऐका. मुलाला काय वाटते आहे ते पाच मिनिटांत कळते.

रात्री दिवे गेले तर मोबाइलच्या टॉर्चसमोर हाताच्या सावल्या. दोन रिकाम्या काडेपेट्यांना दोरा बांधला की टेलिफोन. थोडी मोठी, आठ-दहा वर्षांची मुले असतील तर त्यांच्यासाठी अरविंद गुप्ता यांचे काम बघा. पुण्याच्या आयुकामध्ये त्यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवली. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन, घनाचे सांगाडे करायची त्यांची युक्ती प्रसिद्ध आहे. चौकोन दाबला तर वाकडा होतो, त्रिकोण होत नाही, हे मुलाला स्वतःच्या बोटांनी कळते. आगकाड्यांचे गूल आधी मोठ्यांनी काढून टाकावे, एवढे लक्षात ठेवा. त्यांची खेळणी आणि शेकडो पुस्तके इंटरनेटवर मोफत आहेत, त्यात मराठीही बरीच आहेत. कार्यकर्त्याने ती बघून ठेवावीत आणि मुलापर्यंत वस्तू पोचवावी, व्हिडिओ नव्हे.

पाण्याचा खेळ मुद्दाम सुचवत नाही. जिथे हंडाभर पाण्यासाठी रांग आहे तिथे तो सल्ला चेष्टा ठरेल.

पहिले तीन-चार दिवस अवघड जातात. स्क्रीनची सवय लागलेले मूल चिंचोक्यांकडे ढुंकूनही बघत नाही. "कंटाळा आला" म्हणत पायाशी घोटाळते. इथे मोबाइल काढून दिला की संपले, आणि ओरडूनही काही होत नाही. "बरं" म्हणा आणि आपले काम करत राहा. कंटाळलेले मूल दहा-पंधरा मिनिटे लोळते, कुरकुरते, मग कुठलीतरी वस्तू हातात घेते. मोठ्यांना ती पंधरा मिनिटे सोसत नाहीत, कारण आपल्याला वाटते की मूल रिकामे बसले म्हणजे आपण कमी पडलो.

खेळ सुरू झाल्यावर मध्ये पडू नका. "अगं तसं नाही, असं लाव", "घोडा कधी निळा असतो का?", "शाब्बास, परत करून दाखव, काकांना दाखव". या तिन्ही वाक्यांनी खेळ मुलाच्या हातून मोठ्यांच्या हातात जातो. कौतुकसुद्धा सारखे नको. मुलाने स्वतःहून दाखवायला आणले तर बघा, "हे काय आहे, सांग बरं" म्हणा आणि ऐका. भांडण झाले तर मारामारी किंवा रडारड होईपर्यंत थांबा. नियम कोणाचा खरा यावर वाद घालणे हाही खेळाचाच भाग आहे.

मोबाइलवर सरसकट बंदी घाला असे आम्ही म्हणत नाही. गावच्या आजीशी बोलायला तोच उपयोगी पडतो. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेली मार्गदर्शक तत्त्वे ध्यानात असू द्यावीत. एक वर्षापर्यंतच्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तेवढे बरे.

काम कोणी करायचे?

मुलांना स्वावलंबी करायचे तर घरकामात घ्यावे लागते, हे खरे. तीन-चार वर्षांचे मूल लसूण सोलते, रुमालाच्या घड्या घालते, चमचे वेगळे लावते. पाच-सहा वर्षांचे आपले ताट धुते, कोथिंबीर निवडते. नऊ-दहा वर्षांचे कणीक मळते, मोठे माणूस जवळ असेल तर खिचडी टाकते. काम हळू होईल, थोडे सांडेल. आपण पाच मिनिटांत करतो त्याला वीस लागतील, पण लॉकडाऊनमध्ये कोणाची लोकल चुकणार होती?

पण इथे आपल्या घरांकडे जरा प्रामाणिकपणे बघायला हवे. 'मुले मदत करतात' म्हणजे बहुतेक घरांत मुलगी करते. लॉकडाऊनमध्ये माणसे दिवसभर घरात, म्हणजे चहा तीनदा, भांडी चारदा. भांडी दहा वर्षांची मुलगी घासते, आणि तिचा बारा वर्षांचा भाऊ मोबाइलवर गेम खेळत असतो. दोघांच्या मध्ये बाबासाहेबांचा फोटो असतो. समतेवर भाषण करणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरातले हे चित्र आहे. याला मुलीचे स्वावलंबन म्हणायचे का? मुलाला तर स्वतःच्या पाण्याचा पेलाही उचलता येत नाही, मग त्याला परावलंबी कोणी केले?

ओळखायची एक साधी खूण आहे. दिवस संपताना मुलीला विचारा, "आज तू काय खेळलीस?" सलग दोन-तीन दिवस तिला उत्तर देता आले नाही, तर तिला काम शिकवले जात नाही, राबवून घेतले जात आहे. १९८९ च्या बालहक्क संहितेच्या कलम ३१ मध्ये विश्रांती आणि खेळ हा मुलांचा हक्क मानला आहे. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. आपण हक्कांची भाषा बोलणारी माणसे आहोत, तर हा हक्कही आपल्याच यादीत यायला हवा. कामाची वाटणी मुलांनाच चिठ्ठ्या टाकून करू द्या आणि त्या चिठ्ठ्यांत वडिलांचेही नाव असू द्या.

मोठ्या मुलांना घराचा खरा हिशेब द्या. २०२० मध्ये लॉकडाऊनच्या त्या तीन महिन्यांत रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो मोफत धान्य होते. घरात पाच माणसे, म्हणजे २५ किलो. रोज किती शिजतो, किती दिवस पुरेल, डाळ कधी संपेल, हे पाचवी-सहावीचे मूल वहीत लिहू शकते. दुकानदाराने कमी मापले तर तेच मूल बोट ठेवून दाखवेल. मुलांपासून घरातली तंगी लपवण्यात काही अर्थ नाही, त्यांना ती केव्हाच कळलेली असते. हिशेब त्यांच्या हातात दिला की त्या काळजीला निदान एक काम मिळते.

जिथे एवढे पुरणार नाही

उपाशी मूल खेळत नाही. ज्या घरात धान्यच पोचलेले नाही तिथे सागरगोट्यांच्या गप्पा मारू नयेत, आधी धान्य पोचवावे. काही घरांत मुलांना रोज मार बसतो आहे, आणि वस्तीत ते सगळ्यांना ऐकू येते. बेकारी, व्यसन, अपमान यांचा राग शेवटी सगळ्यात लहान माणसावर निघतो. अशा वेळी शेजाऱ्याने "घरचा मामला" म्हणून दार लावून घेऊ नये. १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन मोफत आणि चोवीस तास आहे. तो क्रमांक विहाराच्या फलकावर आणि प्रत्येक गल्लीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. मुलांना तो पाठ करायला लावा.

आणि ज्या युवकांना मुलांसाठी काही करायचे आहे त्यांना विनंती, की आणखी एक स्पर्धा जाहीर करण्याआधी थोडे थांबा. पहिला-दुसरा-तिसरा काढला की बाकीची मुले हरतात, आणि अशा दिवसांत हरण्यासारखे त्यांच्याकडे आधीच पुष्कळ असते. त्यापेक्षा रोज संध्याकाळी एक गोष्ट आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. फोन उशाशी ठेवून सगळे घर ती ऐकू शकते, स्क्रीनकडे बघावे लागत नाही आणि डेटाही फार जात नाही. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना सरळ कॉल करून सांगा. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या लहानपणीचे खेळ विचारा आणि ते मुलांपर्यंत पोचवा. त्या निमित्ताने त्यांच्याशीही कोणीतरी बोलेल.

किटच्या पिशवीत तांदूळ, डाळ, तेलाबरोबर खडू टाकता येतो. शंभर खडूंची एक पेटी असेल तर घरटी पाच धरून वीस घरे होतात. एका बाजूने कोरे असलेले जुने कागद, पत्रके, बॅनरचे तुकडे हेही चालेल. अभ्यासिकेच्या किंवा विहाराच्या कपाटात पडून असलेली एखादी पेटी सापडेलच. त्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, ते आजच विचारून ठेवा.